शनिवारची रात्र, आकाशाच्या नावे!

मल्टिप्लेक्स झालं, मॉल झाला, हॉटेलिंग तर दर आठवड्याचंच. मग या वीकेण्डला डोक्यावरचा फुकटातला शो बघायला काय हरकत आहे?

आपल्यासारख्या नोकरदार मंडळींचं आणि आकाशाचं नातं तसं यथातथाच. सकाळी ऑफिसची घाई, संध्याकाळी ट्रॅफिक आणि मधल्या वेळेत मान खाली, मोबाइलमध्ये. चंद्राची आठवण येते ती संकष्टीला, आणि तीसुद्धा पोटात कावळे ओरडायला लागल्यावर!

मी मूळची सोलापूरची, नोकरीला पुण्यात. सुट्टीला हुतात्मा एक्स्प्रेसने घर गाठायचं, कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर ताव मारायचा आणि ताणून द्यायची, हा ठरलेला कार्यक्रम. गेल्या थंडीत मात्र एका मैत्रिणीने तो मोडला. "तुळजापूर रोडला एका शाळेच्या मैदानावर दुर्बिणीतून आकाश दाखवणार आहेत. चल की!" म्हटलं, चला, बघू या तरी.

डोळा लावा, पण हात नको!

मैदानात एक सतरंजी, दोन दुर्बिणी आणि भलीमोठी रांग. दाखवणारे कोण? एक बँकेतले काका, एक शिक्षक आणि कॉलेजची चार-पाच पोरं. कुणी शास्त्रज्ञ नाही, तिकीट नाही, भाषणही नाही. रांगेत रिक्षावाले होते, नातवाला घेऊन आलेल्या इरकल नेसलेल्या आज्जी होत्या आणि आमच्यासारखे 'फक्त बघायला' आलेलेही होते.

आधी चंद्र. अष्टमीच्या आसपासचा, अर्धा. आज्जींनी डोळा लावला आणि क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "दिसालंय की ओ! केवढे खड्डे हाईत!" बँकेतल्या काकांनी समजावलं, "आज्जी, पौर्णिमेला एवढे छान दिसत नाहीत. आज ऊन तिरकं पडलंय ना, म्हणून सावल्या लांब पडल्यात." पौर्णिमेपेक्षा अर्धा चंद्र बघायला भारी असतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

मग गुरू. चपटीशी तबकडी, त्यावर दोन पुसट पट्टे आणि शेजारी एका ओळीत चार ठिपके. हे त्याचे चार मोठे चंद्र. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने रात्रीमागून रात्री यांच्याच जागा वहीत टिपल्या आणि सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीला धक्का बसला. दोनेक तासांनी पुन्हा रांगेत उभी राहिले, तर गुरूला चिकटून असलेला ठिपका चक्क सरकला होता! नेटवर यापेक्षा शंभरपट सुंदर फोटो मिळतात हो. पण ते दुसऱ्या कुणीतरी पाहिलेले असतात.

शेवटी मृग नक्षत्र. तीन ताऱ्यांच्या बाणाजवळ, दक्षिणेला, एक धुरकट ठिपका. तो तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे मी पाहिलेला उजेड तिथून निघाला, तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. सोमवारच्या डेडलाइनचं टेन्शन तेवढ्यापुरतं तरी गायब!

सोलापूरकरांना बोनस

सोलापूरच्या उन्हाला आणि कमी पावसाला आपण कायम नावं ठेवतो. पण पर्जन्यछायेतल्या या कोरड्या हवेमुळेच थंडीत रात्रीमागून रात्री आकाश मोकळं मिळतं. शिवाय आपण आहोत साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम पावणेदोन मुठी वर दिसतो (हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश). त्या बदल्यात दक्षिणेचा खजिना उघडतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या खाली अगस्ती चमकतो. रात्रीच्या आकाशातला हा दोन नंबरचा तेजस्वी तारा लंडनकरांना घरून कधीच दिसत नाही. मेमध्ये त्रिशंकूही हजेरी लावतो. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, साधारण १२ वाजून २० मिनिटांनंतर, उभ्या काठीची सावली काही क्षण गायब होते. दिल्लीत हे कधीच घडत नाही!

हौसेला मोल नाही

लोकांना आकाश दाखवायचं हे वेड आपल्याकडे जुनंच. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच करतेय. हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या काळात, १९८५-८६ च्या सुमारास उभं राहिलं आणि त्यांच्यामुळे कित्येक मुंबईकरांनी वांगणीला रात्र जागवली.

अमेरिकेतल्या जॉन डॉब्सनची गोष्ट तर आणखी भारी. हे गृहस्थ रामकृष्ण संघाचे साधू. मठात असतानाच स्वतः काच घासून दुर्बिणी बनवायचे. पुढे मठ सुटला आणि १९६८ मध्ये त्यांनी मित्रांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायला सुरुवात केली. आज हौशी मंडळींकडे दिसणारी साधी, स्वस्त 'डॉब्सोनियन' दुर्बीण ही त्यांचीच देणगी.

...पण आकाश उरणार किती?

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर पाणी मारून अंथरुणं टाकायचो. तेव्हा आकाशगंगेचा पट्टा घरबसल्या दिसायचा. आज त्याच गच्चीवरून तारे मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

हे फक्त सोलापूरचं दुखणं नाही. २०११ ते २०२२ या काळात जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५० हजारांहून अधिक नोंदी संशोधकांनी तपासल्या. निष्कर्ष २०२३ मध्ये आला: रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी सुमारे ९.६ टक्क्यांनी उजळतंय. म्हणजे जन्माच्या वेळी जिथे २५० तारे दिसत होते, तिथे मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत जेमतेम १०० उरतील. गंमत बघा, हा धोका उघड झाला तो आपल्यासारख्याच सामान्य लोकांनी मान वर केल्यामुळे!

उपाय अवघड नाहीत. दिव्यांना वरून झाकण, उजेड जमिनीकडे, गरज नसेल तेव्हा स्विच बंद. आपल्याच राज्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. पण मोठ्या दुर्बिणीही बहुतेक गावाबाहेर गेल्या, तर गावातल्या आज्जींनी चंद्र बघायचा कुठे? म्हणून या शनिवारी एक तास काढा. आणि जाताना गच्चीवरचा दिवा तेवढा मालवून जा!

जाण्यापूर्वी...

* नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. स्वेटर आणि सोलापुरी चादर मस्ट!
* चंद्र-ग्रहांसाठी अष्टमीच्या आसपासचे दिवस, आकाशगंगेसाठी अमावास्या.
* डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइल खिशात ठेवा, टॉर्चला लाल जिलेटिन लावा.
* लगेच दुर्बीण घेऊ नका. १०×५० ची द्विनेत्री सुरुवातीला पुरते. खोक्यावरच्या '६०० पट मोठं' अशा जाहिरातीला भुलू नका.
* सूर्याकडे दुर्बिणीतून योग्य फिल्टरशिवाय कधीही पाहू नका.
* कार्यक्रम कुठे आहेत, याची चौकशी केगावच्या सोलापूर विज्ञान केंद्रात किंवा कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात करा.