समुद्रातलं देऊळ

जगाचा नकाशा उघडा. दक्षिण अमेरिकेच्या माथ्याजवळ, कॅरिबियन समुद्रात त्रिनिदाद नावाचं बेट सापडतंय का? तिथे वॉटरलू नावाचं एक गाव आहे. या गावचं देऊळ चक्क समुद्रात उभं आहे!

इतक्या दूर देऊळ कसं पोचलं? ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज भारतीय मजुरांना घेऊन या बेटावर आलं. तिथे इंग्रजांचं राज्य होतं. उसाच्या मळ्यांत राबायला माणसं हवी होती. पुढे १९१७ पर्यंत अशी जहाजं येतच राहिली. त्यांपैकीच एकातून १९०७ साली चार वर्षांचा शिवदास आईवडिलांबरोबर आला. मोठेपणी तोही उसाच्या मळ्यात मजुरी करू लागला. लोक त्यांना शिवदास साधू म्हणत.

आपल्या गावात देऊळ असावं, ही त्यांची फार इच्छा. १९४७ मध्ये त्यांनी किनाऱ्यावर ते बांधलंही. पण जागा निघाली साखर कंपनीची! शिवदासांना दंड झाला, चौदा दिवस तुरुंगात राहावं लागलं आणि देऊळ पाडलं गेलं.

दुसरा कोणी खचला असता. शिवदासांनी मात्र विचार केला, जमीन कंपनीची, पण समुद्र तर कोणाच्या मालकीचा नाही ना! मग काय, एक जुनी सायकल आणि बादल्या घेऊन ते दगड, वाळू, सिमेंट वाहू लागले. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, लोखंडी पिंपं उभी करायची आणि त्यांत काँक्रीट भरायचं. लोक त्यांना वेडा म्हणत. ते ऐकत आणि पुन्हा सायकलवर टांग मारत. असं एक-दोन नव्हे, तब्बल पंचवीस वर्षं चाललं! किनाऱ्यापासून सुमारे ५०० फूट आत देऊळ उभं राहिलं.

शिवदासांच्या मागे लाटांनी देवळाची पडझड केली. पण १९९५ साली, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, ते नव्याने बांधण्यात आलं. आजचं देऊळ अष्टकोनी आहे, म्हणजे आठ बाजूंचं. वर पांढरा घुमट. पूर्वी ओहोटीची वाट पाहावी लागे; आता बांधीव वाटेवरून भरतीतही जाता येतं. जवळच रंगीबेरंगी झेंडे फडकत असतात. तिकडे त्यांना 'झंडी' म्हणतात.

आणि बरं का, तिथे शिवदासांचा पुतळाही आहे. ज्याला लोक वेडा म्हणाले, त्याचाच!