गाडीचा पंखा फिरतोय ना?

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला तर आपण लगेच नवा आणतो का? आधी प्लग बघतो, मग दुसऱ्या जागी लावून बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र 'ते ह्यांचं काम' म्हणून आपण गप्प बसतो. मीही बसत असे. गेल्या मे महिन्यात ती सवय मोडली.

मलकापूरचं लग्न आटोपून आम्ही बुलढाण्याला परत येत होतो. सासूबाई आणि दोन्ही मुलं बरोबर. मोताळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. राजूर घाटात पुढे ट्रक बंद पडला, रांग लागली आणि तापमानाचा काटा भराभर वर चढला. बॉनेटमधून वाफ! हे उतरले आणि रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले.

"अरे, वाफ कोंडलेला कुकर कधी उघडतात का?" सासूबाई ओरडल्या, म्हणून ह्यांचा हात वाचला. रेडिएटरमधलं पाणीही कुकरसारखंच दाबाखाली असतं. इंजिन बंद करून तासभर झाडाखाली बसलो, मग थांबत थांबत घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं, "मोटर गेली. पूर्ण पंखाच बदला." म्हणजे माझा अर्धवेळ नोकरीचा महिन्याचा पगार गेलाच म्हणा! "विचार करून सांगते," म्हणून मी निघाले.

शाळेत मी मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी फळ्यावर चित्रच काढलं. जुन्या अॅम्बॅसिडर-फियाटचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत तो विजेवर आला. गाडी पळते तेव्हा वाराच रेडिएटर गार करतो. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. म्हणूनच घाटात काटा चढला.

बॅटरीतून वीज फ्यूजमधून रिलेकडे जाते. रिले म्हणजे आपोआप चालणारं बटण. पाणी तापल्याचं सेन्सर कळवतो, रिले जोडला जातो आणि मोटर फिरते. यातली एक कडी तुटली तरी पंखा बंद! म्हणून क्रमाने बघायचं:

१. इंजिन गार असताना गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर हा पंखाही फिरतो. फिरला तर मोटर चांगली आहे. संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर.

२. नाही फिरला तर गाडी बंद करून फ्यूज काढून बघा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार किंवा चांदी लावू नका, वायरिंग पेटेल. नवाही लगेच उडाला तर मोटर अडकली आहे किंवा वायर कुठेतरी घासली आहे.

३. फ्यूज चांगला असेल तर रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असला तर अदलाबदल करून बघा.

४. तरीही नाही, तर पंखा चालायला हवा अशा वेळी त्याच्या प्लगवर बारा व्होल्टचा टेस्ट दिवा लावून घ्या. दिवा लागला आणि पंखा थांबलेलाच, तर मोटर गेली. नाही लागला तर वीज वाटेतच अडली आहे, किंवा अर्थची वायर सुटली आहे.

आणि हो, पदर-ओढणी खोचून, धातूच्या बांगड्या काढूनच बॉनेटखाली हात घाला. किल्ली काढली तरी काही गाड्यांचा पंखा अचानक सुरू होतो.

आमच्याकडे फ्यूज शाबूत होता. मी हॉर्नचा रिले पंख्याच्या जागी बसवला, ह्यांनी एसी लावला आणि पंखा भर्रकन फिरला! मोटर ठणठणीत होती. नवा रिले आणला आणि काम झालं.

तेव्हा वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करा, काचा उघडून हीटर पूर्ण लावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत येईल. तरीही चढत राहिला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकणाला मात्र गाडी पूर्ण गार होईपर्यंत हात नको. आणि कुणी मोटर बदला म्हणालं, तर आधी एवढंच विचारा, "मोटरपर्यंत वीज येते का, ते बघितलंत का?"

आता हे गाडी काढायच्या आधी मलाच विचारतात, "पंखा बघितलास का गं?"