विहिरीतला लाल पट्टा आणि आभाळातला दगड

बीड जिल्ह्यात विहीर खोदायला घेतली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा पाषाण, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा बेसाल्ट. तो फोडायला सुरुंग लावावे लागतात. कधी कधी या पाषाणाच्या पोटातून लालभडक, मातकट पट्टा निघतो आणि त्याच्याखाली पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक. मांजऱ्या म्हणजे खालच्या लाव्हाचा माथा. वायूचे बुडबुडे वर चढता चढता तिथे अडकले आणि मागे राहिलेल्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या. लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत. लाव्हा निवला, ऊन-पावसाने त्याचा माथा कुजून माती झाली, मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली.

अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी याच कातळात कोरलेली आहेत. शेजारच्या लातूर जिल्ह्यात १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतले, तेव्हा सुमारे ३४० मीटरपर्यंत लाव्हाचेच थर लागले. दख्खनमध्ये असा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यातला बहुतेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, काही लाख वर्षांच्या अवधीत बाहेर पडला. डायनासोर नाहीसे झाले तेही नेमके याच सुमारास. त्यांच्याबरोबर जीवांच्या सुमारे तीन चतुर्थांश जाती संपल्या.

मग संशय आभाळावर कसा गेला?

इटलीत गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या दोन थरांमध्ये याच काळातली, जेमतेम सेंटीमीटरभर जाडीची चिकणमाती आहे. तिच्याखालच्या चुनखडीत सूक्ष्म सागरी जीवांची कवचे भरपूर आहेत, वरच्या चुनखडीत त्यातली बहुतेक गायब. ही माती साचायला किती काळ लागला, हे वॉल्टर अल्वारेझ या भूवैज्ञानिकाला मोजायचे होते. त्याचे वडील लुइस अल्वारेझ हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी युक्ती सुचवली ती इरिडियम मोजण्याची. हा जड धातू पृथ्वीच्या कवचात जवळजवळ नाही, कारण पृथ्वी वितळलेली होती तेव्हाच तो लोखंडाबरोबर गाभ्यात उतरला. अवकाशातून झिरपणाऱ्या धुळीत मात्र तो असतो. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या रसायनशास्त्रज्ञांनी मोजणी केली, तर त्या मातीत इरिडियम नेहमीच्या तीसपट निघाले! डेन्मार्कमधल्या याच वयाच्या थरात ते १६० पट भरले. धुळीच्या रोजच्या झिरपण्याने एवढे साचणे शक्य नव्हते. सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला असावा, असे या चौघांनी १९८० मध्ये मांडले.

इरिडियम खोल ज्वालामुखीतूनही येऊ शकते, असा आक्षेप लगेच आला. त्याला उत्तर दिले क्वार्ट्झच्या कणांनी. त्याच थरातल्या कणांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली समांतर रेषांचे एकमेकांना छेदणारे संच दिसतात. असे कण फक्त प्रचंड आघाताने तयार होतात, ज्वालामुखीच्या दाबाने नाहीत. पुढे १९९१ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचे, गाळाखाली गाडले गेलेले चिक्सुलुब विवर हीच आघाताची जागा म्हणून पुढे आले. त्याचा व्यास सुमारे १८० किलोमीटर. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवरही आघातातून झालेले आणि तेही याच काळ्या कातळात, पण त्याचा व्यास १.८ किलोमीटर, म्हणजे शंभरावा हिस्सा. लोणारने कोणताही वंश संपवला नाही. ते घडले ते दख्खनचा लाव्हा थिजून कोट्यवधी वर्षे लोटल्यावर.

आघात झाला, याबद्दल आता शंका उरलेली नाही. वाद आहे तो दख्खनच्या वाट्याबद्दल. कच्छमधल्या अंजारला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्याच्या गाळात इरिडियमचे पट्टे सापडले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. त्या पट्ट्यांच्या अर्थाबद्दल पुढे मतभेद झाले. पण ते आघाताचे असतील, तर लघुग्रह येण्याआधीच इथे लाव्हा वाहू लागला होता आणि नंतरही वाहत राहिला.

इथे लाल पट्टे कामाला येतात. बेसाल्टमध्ये झिरकॉनचे स्फटिक सहसा मिळत नाहीत. लाल मातीत मात्र दुसऱ्या, स्फोटक ज्वालामुखींच्या राखेबरोबर आलेले झिरकॉन कधी कधी सापडतात. त्यातल्या युरेनियमचे किती शिसे झाले, यावरून वय निघते. या पद्धतीने प्रिन्स्टनच्या चमूने २०१९ मध्ये सांगितले, की आघाताच्या आधीच्या काही दशसहस्र वर्षांत उद्रेकाचा मोठा जोर आला होता. त्याच वर्षी बर्कलीच्या चमूने थेट बेसाल्टचे वय अरगॉन वायूवरून काढले आणि उलट निष्कर्ष दिला: बराचसा लाव्हा, सुमारे तीन चतुर्थांश, आघातानंतरचा.

जीवसृष्टीवरच्या पाच महासंकटांपैकी लघुग्रहाशी पक्का धागा जुळतो तो या एकाचाच. २५ कोटी वर्षांपूर्वीच्या सर्वांत भीषण संकटामागे सायबेरियातला लाव्हा होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून दख्खनला निव्वळ योगायोग ठरवणे घाईचे होईल. शेवटचा घाव लघुग्रहाचा, हे मान्य करूनही, तो पडला तेव्हा हवा आणि समुद्र आधीच किती बिघडले होते, हे विचारावेच लागते.

त्याचे उत्तर कोणता लाव्हा केव्हा आणि किती आला, यावर अवलंबून आहे. या दोन्ही चमूंनी नमुने मुख्यतः सह्याद्रीच्या घाटांतून घेतले. तिथले थर पूर्वेकडे मराठवाड्यात कोणत्या थरांशी जुळतात, हे जितके नेमके कळेल तितकी लाव्हाची बेरीज पक्की होईल. आणि त्यासाठी बालाघाटाच्या कडा, रस्त्यांसाठी कापलेले डोंगर आणि अजून न बांधलेल्या विहिरींच्या भिंती नीट मोजून घ्याव्या लागतील.