परदेशी निघालेल्या लेकरांच्या तब्येतीची फाईल

कल्याण पूर्वेतल्या एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर एका आईने आम्हाला बाजूला घेतले. मुलीला इंग्लंडच्या विद्यापीठाचे पत्र आले होते, शिष्यवृत्तीचे काम मार्गी लागले होते, चाळीत पेढेही वाटून झाले होते. आई हळू आवाजात विचारत होती, "दादा, पोरगी नववीत होती तेव्हा तिला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाली. आता फॉर्मात तेच विचारलंय. नाही म्हणून लिहू का?"

आम्ही सांगितले, तसे लिहू नका. बरा झालेला टीबी व्हिसाच्या आड येत नाही, लपवलेला टीबी मात्र येऊ शकतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ ब्रिटनला जाणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्हिसाआधी छातीचा एक्स-रे काढावाच लागतो, आणि तोही त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रातच. आपल्या सरकारी दवाखान्यातला किंवा नाक्यावरच्या लॅबचा एक्स-रे तिथे चालत नाही. जुन्या आजाराचा डाग त्या फिल्मवर दिसतो. फॉर्मात 'नाही' आणि फिल्मवर डाग, म्हणजे संशय आलाच. डाग पाहून ते बेडका तपासायला घेतात आणि त्याचा निकाल यायला दोन महिनेही लागू शकतात. म्हणून ही तपासणी विमानाचे तिकीट काढण्याआधी आणि वेळ हातात ठेवून करावी. प्रमाणपत्र सहा महिने चालते.

ज्या सरकारी केंद्रातून गोळ्या घेतल्या, तिथून उपचार पूर्ण झाल्याचा कागद मागून घ्या. आपल्या वस्त्यांत घरे लहान, हवा कमी, माणसे जास्त. टीबी होतो त्यात पोरीचा काय दोष? लग्नाच्या बाजारासाठी जपलेली लाज तिच्या शिक्षणाच्या वाटेत आणू नये, एवढेच आमचे म्हणणे. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत हातावर सुई टोचून टीबीची चाचणी करतात. लहानपणी बीसीजी टोचलेल्याला त्यात गाठ येऊ शकते. घाबरून जाऊ नका, लहानपणी बीसीजी घेतल्याचे सांगा आणि इग्रा नावाची रक्ताची चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

दुसरा कागद लसींचा. 1913 साली बाबासाहेब ज्या न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, त्या राज्यात आज गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्ही रोगांपासून संरक्षण असल्याचा पुरावा दिल्याशिवाय कॉलेजात वर्गात बसू देत नाहीत. इथे आपली मुले अडतात. आज विशीत असलेल्या मुलांना सरकारी केंद्रात लहानपणी फक्त गोवराची लस मिळाली. नंतर आलेल्या सरकारी लसीत रुबेला आहे, पण गालगुंड अजूनही नाही. तिन्हींची मिळून एमएमआर ही लस बहुधा खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. तिचे दोन डोस लागतात आणि दोघांत किमान 28 दिवसांचे अंतर हवे. जाण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून ते जमणार नाही. जुने लसीचे कार्ड पत्र्याच्या पेटीत सापडले तर उत्तमच. नाही सापडले तरी नवे डोस घेऊन डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा कागद करता येतो.

मूळ गाव नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोलीकडचे असेल तर सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्याच. आपल्या समाजात विदर्भाकडे हा आजार बराच आहे आणि तिथली अनेक कुटुंबे आता ठाणे-डोंबिवलीत राहतात. नुसता वाहक असलेल्याला सहसा त्रास होत नाही. आजार असलेल्याला मात्र थंडीने आणि पाणी कमी प्यायल्याने हाडे फोडणारे दुखणे उठते, आणि परदेशात या दोन्ही गोष्टी हमखास होतात. तिथल्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी दाखवता येईल असे पत्र जवळ असू द्या.

दात आणि डोळे इथेच दाखवून घ्यावेत. दाढ किडली असेल तर इथे भरून घ्या, चष्म्याचा दुसरा जोड करा. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर विद्यार्थ्याकडून दर वर्षाचे 776 पौंड आरोग्य शुल्क घेतात, तेही सगळ्या वर्षांचे आधीच. त्यात डॉक्टर आणि दवाखाना मिळतो, पण दात आणि चष्म्याचा खर्च वेगळा पडतो. पैसे भरले म्हणजे काम झाले असेही नाही. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते. ताप आल्यावर नोंदवू म्हणणाऱ्यांची फार तारांबळ उडते. अमेरिकेचे गणित निराळे. तिथे विमा असूनही सुरुवातीची काही रक्कम स्वतः भरावी लागते, म्हणून साध्या तापखोकल्याला विद्यापीठाच्याच आरोग्य केंद्रात जावे. जिवावर बेतले तर मात्र बिलाचा विचार न करता 911 ला फोन करावा. ब्रिटनमध्ये हाच नंबर 999, ऑस्ट्रेलियात 000, जर्मनीसह युरोपात 112.

औषधे नेताना मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट न्यावीत. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे नाव हवे. आपल्या घराघरात असते ती निमेसुलाइडची गोळी अमेरिका-ब्रिटनमध्ये विकलीच जात नाही. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटामिनोफेन या नावाने मिळते. एकाच औषधाची दोन नावे समजून दुप्पट गोळ्या खाल्ल्या तर लिव्हरला इजा होते. मेडिकलवाल्याला सांगून अँटिबायोटिक घ्यायची आपली सवय तिथे चालत नाही.

आता जेवणाचे. बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण ती त्यांची मजबुरी होती, आपल्या मुलांसाठी नियम नव्हे. घरी जास्त पैसे पाठवता यावेत म्हणून दुपारचे जेवण टाळणारी मुले आहेत. हे त्यांचे प्रेम आहे, पण अशाने अंगातले रक्त कमी होते आणि अभ्यासही होत नाही. डाळ, भात, अंडी, चण्याची उसळ एवढे चार पदार्थ तरी मुलाला, हो, मुलालाही, निघण्याआधी करता आले पाहिजेत. लहान कुकर बॅगेत सहज मावतो.

सगळ्यात अवघड भाग मनाचा. थंडीच्या दिवसांत लंडनला दुपारी चार वाजता अंधार पडतो. त्यात खोलीतले आपलेच देशबांधव आडनाव विचारून गाव विचारतात, मग गावात कुठे राहता ते विचारतात. ही गोष्ट मुले घरी सांगत नाहीत. जातीवरून होणारा भेदभाव तिथेही आहे, म्हणूनच 2023 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिएटल शहराने त्यावर कायद्याने बंदी घातली. असे घडले तर विद्यापीठाच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी आणि तिथल्या समुपदेशकाकडे जावे. बहुतेक विद्यापीठांत त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत आणि ही माहिती प्राध्यापकांपर्यंत जात नाही. पालकांचे मन खचले तर इथे 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे. मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

फोनची वेळ ठरवून घ्या. हिवाळ्यात इथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे साडेचार आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेअकरा झालेले असतात. मार्क किती पडले हे नंतर विचारा, आधी काय जेवलास ते विचारा. आवाजावरून काही वेगळे वाटले तर फोन ठेवू नका.

त्या आईला उपचाराचे कार्ड मुलीच्या दहावीच्या मार्कशीटमागे सापडले. आता दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये आहेत.