सुगंधाआडचा श्वास

सकाळी दुकान उघडले की उदबत्ती लागते, दाराशी सुगंधी फवारा मारला जातो आणि वातानुकूलित दालनात दिवसभर कृत्रिम मोगरा दरवळत राहतो. ग्राहकाचे मन प्रसन्न व्हावे, हाच त्यामागील हेतू. परंतु बंद दालनातील हवा सामाईक असते. गल्ल्यावरचे शेठ, दिवसभर उभा राहणारा नोकर आणि ग्राहकाच्या कडेवरचे मूल त्याच हवेत श्वास घेतात.

वेष्टनावर ‘परफ्यूम’ एवढाच शब्द असतो. त्याआड अनेक रसायने असू शकतात. लिंबू-संत्र्याचा गंध देणारे लिमोनीन हवेतील ओझोनशी संयोग पावले की अल्प प्रमाणात फॉर्माल्डिहाइड निर्माण होते. या वायूला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मानवासाठी कर्करोगकारक ठरविले. फुलांचा गंध देणारे लिलियल प्रजननास अपायकारक मानून युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत निषिद्ध केले. उदबत्तीच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दमा वा अर्धशिशी असणाऱ्यांना तर तीव्र वासानेही त्रास उद्भवू शकतो.

उपाय खर्चिक नाहीत. फवारा थांबवावा, खिडक्या उघडाव्यात, गंधविरहित साबण निवडावा, उदबत्ती मोकळ्या जागी लावावी. नोकराने डोकेदुखीची तक्रार केली, तर ती सबब न मानता आधी हवेचा विचार करावा. पाऊल टाकताना मुंगीला जपणाऱ्या कुटुंबाने शेजारच्या माणसाच्या श्वासालाही जपावे. तोही यत्नाचारच होय.