तिसऱ्या पाण्याचा हॉटडॉग

छत्रपती संभाजीनगरच्या कॅनॉटमध्ये दिवेलागण झाली की गाड्या लागतात. मोमो, शोरमा, डोसा, चायनीज, आणि मधल्याच एका गाडीवर हिरव्या अक्षरांत पाटी : ‘प्युअर व्हीगन हॉटडॉग, 60 रुपये.’ पाटीच्या बरोबर खाली तवा आणि तव्यावर वितळत असलेलं लोणी. व्हीगनला दूध, दही, तूप, मध सगळं वर्ज्य. पाटी रंगवणाऱ्याला हे ठाऊक असावं, तवा सांभाळणाऱ्याला नसावं. लोण्याशिवाय एक द्या म्हटलं तर पोरगा माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसा बघायला लागला. पण दिला.

लांबट पाव, कांदा, कोबी, हिरवी चटणी, टोमॅटो सॉस. आत बोटभर जाडीची तपकिरी वळकटी. ती दाताला आधी अडली, मग धाग्याधाग्याने सुटली. कोबी-बटाटा कुस्करून केलेल्या ‘व्हेज’ कटलेटांची सवय झालेल्या जिभेला हा चिवटपणा नवा होता. हे शहर मटणाच्या नान-खलियाचं. 1327 मध्ये तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, त्याच्या लवाजम्याबरोबर हा पदार्थ आला असं इथे सांगतात. त्या गावात मांस नसलेल्या हॉटडॉगसाठी कॉलेजची पोरं रांग लावून उभी होती. वळकटी कुठून येते विचारलं. पोरगा म्हणाला, “मुकुंदवाडीतून. मामा करतात.”

मामांचा पत्ता वासानेच सापडतो. मुकुंदवाडी स्टेशनच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये, भिजलेल्या सोयाबीनचा कच्चा, हिरवट, उग्र दर्प भरलेला असतो. सोयाबीन दळलं, ओलं झालं की त्यातली विकरं तेलाच्या अंशावर काम करतात आणि हा वास तयार होतो. तो कपड्यांत बसतो, केसांत बसतो. तिथे मी पुन्हा पुन्हा गेले ते या वासाचं पुढे काय होतं ते बघायला, आणि मामांचे हात बघायला.

हे शेड मूळचं सोया चापचं. चाप हा पदार्थ दिल्ली-पंजाबकडचा : सोयाचं पीठ आणि मैदा मळून, पट्ट्या लाटून, आइस्क्रीमच्या काडीभोवती गुंडाळून उकडायच्या. दिल्लीकडून इकडे आलेलं हे दुसरं खाणं म्हणायचं. याच कणकेतून, काडी वगळून, हॉटडॉगची वळकटी निघते. मालक उत्तरेकडे शिकून आलेला, मामा मंठा तालुक्यातले. पन्नाशी उलटलेली, गावाकडे चार एकर, त्यात सोयाबीन आणि तूर. सुगी संपली की ते शहरात येतात.

काम पहाटे सुरू होतं. सोया वड्या गरम पाण्यात पडतात, फुगतात, आणि मग पिळणं. मामा दोन्ही मुठींत मावतील तेवढ्या वड्या घेतात, आधी सावकाश दाबतात, मग मनगट फिरवतात. पाणी सुटतं ते पिवळट, फेसाळ. वड्या पुन्हा ताज्या पाण्यात, पुन्हा मुठीत. दुसरं पाणी गढूळ. तिसरं जवळपास नितळ. तिसरं पाणी टाकल्यावर ते मूठ माझ्या नाकाशी धरतात. दर्प गेलेला असतो, आणि तो गेल्यावर वडीला स्वतःचा म्हणावा असा वास उरतच नाही.

“तिसऱ्या पाण्याआधी मसाला घातला ना ताई, तर मसाला वाया,” मामा म्हणतात. “लोक म्हणत्यात सोयाबीन गुळमट लागतं. लागनारच. पिळलंच न्हाई त्यांनी.”

“मशीन का नाही घेत पिळायला?”

“कामून? मशीनला कुठं कळतंय पानी नितळ झालं का न्हाई ते.”

त्यांची बोटं तळहातापर्यंत पांढरी, सुरकुतलेली. नखांच्या कडा सोललेल्या. हातमोजे एका खिळ्याला टांगलेले दिसतात, ते अन्नसुरक्षेचे अधिकारी येतील त्या दिवसासाठी. बाकीचं झटपट उरकतं : पिळलेल्या वड्या दळायच्या, सोयाचं पीठ, मैदा, आलं-लसूण, मीठ, तिखट घालून घट्ट मळायचं, लांब उंडे वळून फडक्यात बांधायचे, अर्धा-पाऊण तास उकळत्या पाण्यात, मग थंड पाण्यात. फडकं सोडलं की वळकटीवर कापडाची वीण उमटलेली असते.

मामांच्या बोलण्यात एक आकडा सारखा येतो : 4,892. हवामानावर बोलोत, पोरीच्या लग्नावर बोलोत, गाडी तिथे पोचतेच. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. “चार हजार आठशे ब्याण्णव. कागदावर.” त्यांना मिळाले 4,100. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट 12 टक्क्यांची, यांचा माल त्यापेक्षा ओला. नोव्हेंबरात केंद्र सरकारने ती सवलत म्हणून 15 टक्क्यांपर्यंत नेली, तोवर मामांनी पोती व्यापाऱ्याला घालून टाकली होती. दिवाळी तोंडावर होती, थांबणार कसं? 2025-26 साठी हमीभाव 5,328 झाला. मामा तरी 4,892 च बोलतात. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली शेतं पाण्याखाली गेली, त्यात त्यांचं सोयाबीन उभ्याउभी कुजलं. नव्या भावाने विकायला काही हाती राहिलंच नाही. म्हणून हिशेब जुन्या आकड्याशीच अडलेला.

ज्या पोत्यातून ते वड्या काढतात त्या पोत्यात त्यांच्याच पट्ट्यातलं सोयाबीन असणं अगदी शक्य आहे. दाण्यात साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल. सॉल्व्हंट प्लांटमध्ये तेल काढून घेतात, उरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्यातली खाण्याजोगी, तेल काढलेल्या पिठाची प्रत एक्स्ट्रूडरमध्ये घालतात : पाणी, उष्णता आणि जबर दाब. पीठ भोकातून बाहेर पडताना आतल्या पाण्याची वाफ एकदम सुटते, वडी फुगते, प्रथिनं धाग्याधाग्याने रचली जातात. दाताला अडणारा धागा तो हाच. ही पद्धत 1970 च्या सुमारास अमेरिकेत रुळली, आणि भारतात सोया वडी घरोघरी गेली ती ऐंशीच्या दशकापासून.

सोयाच्या सॉसेजची कल्पना मात्र त्याहून जुनी. पहिल्या महायुद्धात जर्मनीत उपासमार होती तेव्हा कोलोनचे महापौर कोन्राड आडेनाउअर यांनी सोयाचं पीठ घालून सॉसेज तयार केलं. जर्मनीत त्याला पेटंट मिळेना, कारण तिथल्या नियमाने मांस नाही ते सॉसेजच नाही. पेटंट दिलं ते शत्रूराष्ट्राने, ब्रिटनने, 26 जून 1918 रोजी. हेच आडेनाउअर पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले. तेव्हा प्रश्न भुकेचा होता, प्राण्यांवरच्या दयेचा विषय नव्हता. मुकुंदवाडीतही नाही.

दयेचा विषय निघतो तो जालना रोडवरच्या मॉलच्या फ्रीजरपाशी. तिथे व्हीगन सॉसेजची सुबक पाकिटं मिळतात. भारतात हा धंदा गेल्या दहा वर्षांत उभा राहिला : उदयपूरची गुडडॉट, मुंबईची ब्लू ट्राइब, आणि 2021 मध्ये रितेश आणि जिनिलीया देशमुख यांची इमॅजिन मीट्स. रितेश लातूरच्या देशमुखांचे, म्हणजे सोयाबीनच्या ऐन बाजारपेठेचे. मी उचललेलं पाकीट यांच्यापैकी कुणाचं होतं ते सांगण्याची गरज नाही. 250 ग्रॅमला तीनशेच्या घरातली किंमत, म्हणजे किलोला बाराशे. मामांच्या 4,892 च्या हमीभावाने धरलं तर किलोभर सोयाबीनचे 49 रुपये होतात.

घटकांची यादी लांबलचक : सोया आणि वाटाण्याची प्रथिनं, तेल, यीस्टचा अर्क, मिथाइल सेल्युलोज. हे शेवटचं मजेशीर आहे. ते गरम झालं की घट्ट होतं आणि गार झालं की सैलावतं. म्हणून ते सॉसेज तव्यावरून उतरल्याउतरल्या झकास लागलं आणि बोलण्याच्या नादात दहा मिनिटं ताटात राहिलं तर मऊ पडलं. पाकिटावर ‘व्ही’ आणि पानाचं हिरवं चिन्ह होतं. हे चिन्ह 2022 च्या व्हीगन खाद्यनियमांतलं. आपला नेहमीचा हिरवा ठिपका दुधाला चालतो, हे चिन्ह नाही. तेवढ्या बाबतीत पाकीट कॅनॉटच्या पाटीपेक्षा प्रामाणिक. चवीला मात्र ते धुराचा अर्क घातलेलं मीठ वाटलं.

घरी करणारं कुणी आहे का म्हणून शोधत गारखेड्यात एका मावशींकडे पोचले. त्या उन्हाळ्यात वाळवणं करून विकतात आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या, प्राणिज काही न खाणाऱ्या भाचीसाठी हॉटडॉगचे उंडे करून पाठवतात. सोयाबीन त्यांना आवडत नाही. त्यांचा हॉटडॉग गव्हाचा. कुरडई करताना आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, पिळतो, चीक ठेवतो आणि चोथा बाजूला काढतो. त्या चोथ्याच्या फार तर भुसवड्या होतात, नाहीतर तो गुरांपुढे जातो. चिवटपणा असतो तो नेमका या बाजूला काढलेल्या भागात. मावशी उलटं करतात. मैद्याचा घट्ट गोळा तासभर पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग पाण्यातच चोळत राहतात. पाणी दुधासारखं पांढरं होतं. चार-पाच पाण्यांनंतर हातात राहतो राखाडी, रबरी, ताणला तर तुटत नाही असा गोळा. किलोभर मैद्याचा पावशेर, फार तर तीनशे ग्रॅम. चीनमधल्या बौद्ध मठांत शाकाहारी मांस म्हणून हेच शतकानुशतकं रांधतात.

पांढरं पाणीही मावशी फेकत नाहीत. तळाशी बसलेला चीक शिजवून, गूळ घालून नातवंडांपुढे ठेवतात. रबरी गोळ्यात थोडं बेसन, लसूण आणि त्यांचा येसर मसाला. अळूवडीसारखे उंडे वळून मोदकपात्रात वाफवतात. शेवटी पातेल्यात वाटी, वाटीत निखारा, निखाऱ्यावर तेलाचे थेंब आणि वर घट्ट झाकण. झाकण काढलं तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि फ्रीजरमधल्या पाकिटातला धूर किती फिका होता ते कळलं.

“याला हॉटडॉग कामून म्हणायचं ते पोरींनाच माहीत,” मावशी म्हणाल्या. “मी आपली भाकरीसोबत देते.”

पाकीट, गाडी आणि मोदकपात्र यांत माझं मत कुठे झुकलंय ते लपलेलं नाही. मांसाची हुबेहूब नक्कल करण्याचा सोस पाकिटवाल्यांना आहे, कारण त्यांना मांस खाणाऱ्याला वळवायचं आहे आणि त्याच्याकडून बाराशे रुपये किलो घ्यायचे आहेत. मामा आणि मावशी कशाचीच नक्कल करत नाहीत. जे हाताशी आहे त्यातला नकोसा भाग धुऊन काढतात आणि उरलेल्याला मसाला देतात. कष्ट सगळे त्या धुण्यात. कुणाला खरोखरच व्हीगन खायचं असेल तर कॅनॉटच्या गाडीवर एवढंच सांगावं : लोणी नको, तेलावर भाज. आणि मलई चाप मागवून आपण व्हीगन खाल्लं असं समजू नये, त्यात दही आणि साय दोन्ही असतात.

मामांसाठी मी एकदा कागदावर हिशेब मांडला. हॉटडॉग 60 रुपयांचा. म्हणजे 4,892 च्या हमीभावाने विकलेलं एक क्विंटल सोयाबीन साधारण ब्याऐंशी हॉटडॉगांएवढं. त्यांना मिळालेल्या 4,100 ने अडुसष्ट. मधले तेरा-चौदा हॉटडॉग ओलाव्यात गेले. त्यात पाव, गॅस, भाडं, पोराचा पगार काही धरलेलं नाही, हेही सांगितलं. गाडीवर शनिवार-रविवारी ब्याऐंशीच्या वर माल सहज जातो हे त्यांना माझ्याआधीच माहीत होतं, माल त्यांच्याच हातचा.

“मग पुढल्या साली क्विंटल इकतच न्हाई,” ते म्हणाले. “हॉटडॉगच इकतो.”

मी म्हटलं, मामा, दाण्यातून तेल काढायला प्लांट लागतो, वडी करायला यंत्र लागतं. ते तुमच्याकडे कुठे आहे?

त्यांनी घमेल्यातल्या वड्या पुन्हा मुठीत घेतल्या. “त्येच म्हन्तो ना ताई. पिळायचं तेवढं आमच्याकडं ठिवलंय.”