४१ कंपनांचा स्वच्छ खर्ज

बेस गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. भागाकार करून पाहा: या स्वराच्या एका लाटेची लांबी आठ मीटरांहून जास्त भरते. आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांमध्ये ती एक लाट आडवी मावणारही नाही. एवढी अजस्र लाट उठते ती एका लाकडी खोक्यात बसवलेल्या कागदी शंकूतून. तो शंकू काही मिलिमीटर पुढेमागे होतो आणि स्वर आपल्या छातीत घुमतो!

हा स्वर मोठा करणं फारसं अवघड नाही. मोठा करूनही तो तारेवर उमटला तसाच, न फाटता, न घरघरता ऐकवायचा, याला वादक ‘क्लीन टोन’ म्हणतात. त्यासाठी निसर्गाशी केवढी झुंज द्यावी लागते हे समजलं की बेसच्या अ‍ॅम्पकडे (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे) बघण्याची नजरच बदलते.

पहिली अडचण आपल्याच कानाची. खर्जाच्या बाबतीत माणसाचा कान फार मंद आहे. १००० कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू येण्यासाठी जेवढा जोर लागतो, त्याहून सुमारे ५० डेसिबल जास्त जोर ४० कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू येण्यासाठी लागतो. ऊर्जेच्या हिशेबात हा फरक जवळपास एक लाख पटींचा! बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली कानाच्या या स्वभावाचे आलेख प्रसिद्ध केले. आवाज वाढत गेला की हे अंतर कमी होतं, असंही त्यांतून दिसलं. म्हणून घरी हळू आवाजात भरदार वाटावा असा बेस जुळवला, की तोच मंचावर मोठ्या आवाजात बोजड होतो.

दुसरी अडचण स्पीकरची. तेवढाच ध्वनिदाब ठेवून स्वर एक सप्तक खाली आणायचा, तर शंकूला चौपट हालचाल करावी लागते. दोन सप्तकं खाली गेलं की सोळा पट. हालचालीची मर्यादा ओलांडली की शंकू सिग्नलच्या मागोमाग जाऊ शकत नाही आणि स्वर बिघडतो.

तिसरी अडचण अ‍ॅम्पच्या आत असते. प्रत्येक अ‍ॅम्प एका ठरावीक व्होल्टेजपर्यंतच सिग्नल वाढवू शकतो. त्यापलीकडे लाटेचा गोलसर माथा उठतच नाही, तो सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. लाट कापली गेली की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे नवे स्वर अ‍ॅम्प स्वतःहून तयार करतो.

एकच स्वर वाजत असेल तर ही भर कानाला गोडही लागू शकते, कारण नवे स्वर मूळ स्वराच्याच पटीत असतात. दोन स्वर एकत्र वाजले की मात्र चित्र पालटतं. समजा ८२ आणि १०४ कंपनांचे दोन स्वर एका वेळी वाजले. फाटणारा अ‍ॅम्प त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करत सुटतो: १८६, २२, ६०. यांतला एकही स्वर वादकाने वाजवलेला नसतो. बेस गढूळ झाला असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ही न वाजवलेल्या स्वरांची गर्दी आपल्याला ऐकू येत असते.

मग क्लीन टोन म्हणजे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर, काढून टाकणं का? अजिबात नाही. खुद्द तारेच्या पोटात उपस्वर असतातच. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर कुणीही न लावलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. बेसच्या ४१ कंपनांच्या तारेतही तो असतो, २०५ कंपनांच्या आसपास. त्याच्याआधी ८२, १२३ आणि १६४ यांची हजेरी लागलेली असते.

आता खरा चमत्कार ऐका. बेसची अनेक नामांकित कॅबिनेटं, म्हणजे स्पीकरची खोकी, ५०-६० कंपनांच्या खाली झपाट्याने कमजोर होत जातात. म्हणजे ४१ कंपनांचा मूळ स्वर ती फारच थोडा बाहेर टाकतात. तरीही आपल्याला तोच खर्ज ऐकू येतो, कारण ८२, १२३, १६४ या रांगेत प्रत्येक पायरी ४१ची आहे हे आपला मेंदू ओळखतो आणि पाया स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही बेसची चाल कळते ती यामुळेच. अर्थात मेंदूचं हे काम तारेच्या उपस्वरांची रांग शाबूत असेपर्यंतच नीट चालतं. अ‍ॅम्पने आपले स्वर तीत घुसवले की खर्ज ऐकू येतो, पण त्याची कड हरवते.

या झुंजीचा इतिहासही तितकाच रंजक आहे. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ ही विजेवरची बेस गिटार बाजारात आणली. पाठोपाठ १९५२ साली तिच्यासाठी ‘बासमन’ नावाचा अ‍ॅम्प आला. बेससाठी बनवलेला हा अ‍ॅम्प जोरात वाजवला की फाटायचा आणि गिटारवादकांना नेमकं तेच आवडलं. लंडनमध्ये वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जो पहिला अ‍ॅम्प बनवून घेतला, तो बासमनच्याच सर्किटवर बेतलेला होता. रॉक गिटारच्या गर्जनेचं मूळ असं बेसच्या अ‍ॅम्पमध्ये सापडतं!

त्याच काळात एव्हरेट हल वेगळ्या वाटेने निघाले होते. ते स्वतः बेसवादक. उभ्या डबल बेसच्या खालच्या खुंटीत मायक्रोफोन बसवण्याची युक्ती त्यांनी काढली होती आणि तिच्यावरूनच त्यांच्या कंपनीचं नाव ‘अँपेग’ पडलं (‘पेग’ म्हणजे खुंटी). हल यांना जॅझ प्रिय होतं आणि फाटलेला आवाज नकोसा. अँपेगचा १९६० सालचा बी-१५ स्टुडिओंचा लाडका झाला. त्याची ताकद अवघी २५ वॅटच्या आसपास, त्यामुळे तो बेताच्या आवाजातच निर्मळ राहायचा. पुढे मंच मोठे झाले, ढोल-गिटारींचा गजर वाढला आणि १९६९ साली याच कंपनीने एसव्हीटी आणला: १४ व्हॅक्यूम ट्यूब, ३०० वॅट आणि दहा इंची आठ-आठ स्पीकरांची कॅबिनेटं.

एवढे वॅट कशाला? बोट तारेवर पडतं त्या क्षणी सिग्नल उसळी मारतो आणि लगेच खाली येतो. उसळी सरासरीपेक्षा १० डेसिबल वर गेली तरी तेवढ्या क्षणापुरती दहापट ताकद लागते. सरासरी ३० वॅटवर वाजणाऱ्या बेसला ३०० वॅटचा अ‍ॅम्प हवा तो असा. या राखीव ताकदीला हेडरूम म्हणतात. क्लीन टोनचं रहस्य तिच्यातच आहे: अ‍ॅम्पची बहुतेक ताकद बहुतेक वेळ न वापरता शिल्लक राहिली पाहिजे.

हे पटलं की अ‍ॅम्पच्या बटणांचा अर्थ आपोआप उलगडतो. आधी टोनचे सगळे नॉब मध्यावर ठेवावेत. मग कार्यक्रमात जेवढ्या जोराने वाजवणार तेवढ्याच जोराने वाजवत गेन (आत येणाऱ्या सिग्नलची वाढ) वाढवावा, क्लिपचा दिवा लुकलुकला की थोडा मागे घ्यावा. खोलीतला आवाज त्यानंतर ‘मास्टर’ नॉबने ठरवायचा. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारं सर्किट असेल तर तिचा सिग्नल तगडा असतो. तिच्यासाठी अ‍ॅम्पवर ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेला इनपुट किंवा सिग्नल कमी करणारा स्विच असला तर तो वापरावा. आणि बॅटरी उतरत आली की अ‍ॅम्पचा काही दोष नसताना स्वर गिटारमध्येच फाटू लागतो, हे ध्यानात ठेवावं.

बेसचा नॉब फिरवताना हात आखडता घ्यावा. खर्ज १२ डेसिबलने वाढवला की त्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडून सोळा पट ताकद मागितली जाते. सगळ्या राखीव ताकदीचा फडशा या एका नॉबने पडू शकतो. आवाज गढूळ वाटला तर खर्ज वाढवण्याआधी २००-३०० कंपनांच्या आसपास थोडं कमी करून पाहावं. कॅबिनेट कोपऱ्यात असेल तर दोन्ही भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात, त्यामुळे ते पुढे ओढूनही फरक पडतो. आवाज खरंच कमी पडत असेल तर दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प जेमतेम ३ डेसिबल देतो. त्याऐवजी अ‍ॅम्पला चालणारा ओहमचा हिशेब पाहून तसंच दुसरं कॅबिनेट जोडलं तर ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळू शकते आणि प्रत्येक शंकूवरचा ताणही बेतात राहतो.

एवढं करून हाती काय येतं? क्लिप होणारा अ‍ॅम्प हळू आणि जोरदार आघातांमधलं अंतर पुसून टाकतो, कारण दोन्हींचे माथे तो एकाच उंचीवर कापतो. निर्मळ अ‍ॅम्पवर मात्र बोट ब्रिजजवळ पडलं की गळ्याजवळ, बोटाचं टोक लागलं की मऊ पेर, हे सगळं ऐकू येतं. लांब धरलेल्या स्वरात वरचे उपस्वर आधी विरतात आणि खालचे रेंगाळतात, तेही कळतं. बेस वाजवणाऱ्याचा हात ओळखू येतो तो अशाच अ‍ॅम्पवर, आणि वादकाला रोजच्या रियाजात आपला हात सुधारता येतो तोही अशाच अ‍ॅम्पसमोर बसून.